नांदूरघाटजवळचा ग्रह

बीड जिल्ह्यात एवढं बघायला काय होतं, असं आल्यापासून जो तो विचारतो. सोपं उत्तर असं की, आमची कुलदेवता तिकडे आहे. कोकणातल्या कितीतरी घरांची कुलदेवता अंबाजोगाईची योगेश्वरी, त्यामुळे गुहागरहून निघताना शेजारीपाजारी आम्ही तेवढंच सांगितलं होतं. दर्शन घेतलंही, ओटीही भरली. पण माझा भाऊ आणि मी, दोघांची वयं मिळून एकशे दहा, खरं म्हणजे एक ग्रह शोधायला गेलो होतो.

ज्यांचं लहानपण ऐंशीच्या दशकात गेलं, त्यांना ती अवकाशयानाची मालिका आठवत असेल. टीव्हीवर एकच वाहिनी होती आणि रविवारची सकाळ या मालिकेची होती. तिला चांगलं भारदस्त नाव होतं, पण आमच्या घरात तिला नुसतं ‘यान’ म्हणायचे. “आज यान आहे,” म्हटलं की दादा न सांगता आंघोळ उरकायचा. टीव्ही आमच्याकडे नव्हता, पोस्टमास्तरांकडे होता. त्यांच्या ओटीवर आम्ही पंचवीस-तीस पोरं दाटीवाटीनं बसायचो, आणि मास्तरांच्या बायकोला स्वयंपाकघरात जायला वाट उरायची नाही.

शेवटच्या भागांमध्ये ते यान एका काळ्या, उजाड ग्रहावर उतरतं. आकाशात दोन सूर्य. जमिनीत गोल गोल खोल विवरं. दगडांच्या आडून चंदेरी अंगाची माणसं बाहेर येतात. शेवटी यान परत निघतं, तेव्हा त्या माणसांमधली एक मुलगी उंच खडकावर उभी राहते, तिच्या डोळ्यांतून काळे अश्रू वाहत असतात, आणि ती तिच्या भाषेत म्हणते, “ओकन ऊआज नूडोस आलम.” मागून निवेदक त्याचा अर्थ सांगतो: तुमचा प्रवास सुखाचा होवो.

हे वाक्य आमच्या पिढीनं तोंडपाठ केलं होतं. शाळा सुटली की म्हणायचं, मामाच्या गावाहून निघताना म्हणायचं. दादा शिकायला मुंबईला गेला तेव्हा एसटीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून माझ्याकडे बघत हेच ओरडला होता, आणि आई म्हणाली होती, “शेवटी तरी माणसासारखं बोल रे.” पुढे त्यानं गुहागरात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान काढलं, मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायला लागले, दोघांचे संसार झाले, पण फोन ठेवताना आजतागायत हेच वाक्य.

गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकानं दादाकडे जुन्या व्हिडिओ कॅसेटींचं खोकं आणून टाकलं. त्यात यानाचा शेवटचा भाग निघाला. दादानं तो कॉम्प्युटरवर उतरवला, पंधरा दिवस साफ करत बसला, आणि एके दुपारी मला त्याचा फोन आला. “नले, शेवटी नावं येतात ना, ती थांबवून वाचली. सहकार्य, नांदूरघाट परिसरातील ग्रामस्थ. अगं, तो ग्रह बीड जिल्ह्यात आहे!”

दिवाळी झाली आणि आम्ही निघालो.

अंबाजोगाई

दीड दिवसाचा प्रवास सांगत बसत नाही. अंबाजोगाईत सकाळी दर्शन आटोपून एका हॉटेलात नाश्त्याला बसलो. वेटरनं विचारलं, “सुशीला देऊ का?” दादा गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, “कोण सुशीला?” शेजारच्या टेबलावरचे लोक हसले. सुशीला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांना कांदा-मिरचीची फोडणी देऊन, वर दाण्याचं कूट घालून केलेला पदार्थ. आपल्याकडे पोहे, तशी इकडे सुशीला. दादानं दोन प्लेट खाल्ल्या.

गाडी इथूनच ठरवली. चालक पाशाभाई, साठीचे, अंगात पांढरा कुर्ता. कुठं जायचं ते सांगितल्यावर त्यांनी आरशातून आम्हाला नीट न्याहाळलं.

“देवीचं झालं. आता तिकडं कावून जाता? तिकडं तर काय बी न्हाई.”

“काहीच नाही, तेच बघायचंय,” दादा म्हणाला.

पाशाभाईंनी गाडी सुरू केली. “मंग बराबर. काय बी न्हाई ते तिकडं लई हाय.”

केज मागे पडलं आणि त्यांच्या बोलण्याचा अर्थ कळायला लागला. आमच्या गुहागरात नजर कुठेही टाका, ती माडाला, आंब्याला, नाहीतर लाल दरडीला अडते. इथे अडायला काहीच नाही. डोंगर आहेत, पण कुणी सुरीनं माथे कापून टाकल्यासारखे सपाट, एकामागे एक पायऱ्या पायऱ्यांचे. पिवळं गवत, मध्ये काळा कातळ, सीताफळीची झुडपं, आणि वर आभाळ. आभाळ इतकं मोठं असतं हे मला त्रेपन्नाव्या वर्षी कळलं. लांब डोंगराच्या कडेवर पवनचक्क्या एका रांगेत फिरत होत्या, पांढऱ्या, सावकाश. आमच्या मालिकेवाल्यांना त्या मिळाल्या असत्या तर त्यांनी आणखी दहा भाग काढले असते.

नांदूरघाट आणि पुढे

नांदूरघाटच्या बाजारात दादानं फोनवर त्या खडकाचा फोटो लोकांना दाखवायला सुरुवात केली. घोड्याच्या मानेसारखा वर आलेला, एका बाजूनं तुटलेला कातळ. चहाच्या गाड्यावर एका माणसानं फोन हातात घेतला आणि लगेच परत दिला.

“ह्यो तर आमच्या वाडीवरचा खडक हाय. तिथं म्या शेळ्या चारल्यात.”

“तिथे पूर्वी शूटिंग झालं होतं का हो?”

“झालतं की. मी ल्हान होतो, मला रंग लावला न्हाई म्हणून रडलो होतो. तुमी असं करा, शाळेत मॅडमला भेटा. मॅडमच तर होत्या त्यात.”

“कोण होत्या?”

“ती पोरगी. खडकावरची.”

दादा त्याचे आभार मानायचंही विसरून गाडीकडे निघाला.

वाडीचं नाव मी लिहीत नाही, तशी मॅडमची इच्छा आहे. शाळा जिल्हा परिषदेची, चार खोल्यांची. आम्ही पोचलो तेव्हा अंगणात गाद्यांचा ढीग पडला होता, मुलं एक-एक गादी उचलून आत नेत होती. ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांची मुलं मागे राहावीत म्हणून चार-पाच महिने शाळेतच त्यांच्या राहण्या-जेवणाची सोय करतात. या वाडीतली निम्म्याहून जास्त घरं दिवाळीनंतर कारखान्यांकडे जातात. त्या दिवसांत तीच तयारी चालली होती.

आशामती मॅडम पन्नाशीच्या आसपासच्या. चष्मा, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, पदर खोचलेला. त्यांना वाटलं आम्ही कुणा मुलाचे नातेवाईक.

“कुणाकडचे तुमी? नाव नोंदवायचंय का?”

दादाला तोंड उघडून साधं नाव सांगायला काय झालं होतं कोण जाणे. तो म्हणाला, “ओकन ऊआज नूडोस आलम.”

मॅडमचा हात किल्ल्यांवर थांबला. मला वाटलं हसतील. त्या हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला आणि एका मोठ्या मुलीला हाक मारून म्हणाल्या, “पाव्हणे आलेत. चहा टाक म्हणावं.”

खडकावर

दुपार कलल्यावर त्या स्वतः आम्हाला घेऊन निघाल्या. पायवाट कुसळांची. अर्ध्या वाटेत माझ्या उजव्या बुटाचा तळ सुटून फडफडायला लागला. मॅडमनी झुडपाची एक लांब साल ओढून काढली आणि बूट असा काही बांधला की तो परतीपर्यंत हलला नाही.

मग चढ संपला आणि आम्ही ग्रहावर आलो.

दुसरा शब्द मला आजही सुचत नाही. एकसंध काळा कातळ, चार-पाच क्रिकेटची मैदानं मावतील एवढा, आणि त्यात ती विवरं. पावसाळ्यात ओढ्याबरोबर आलेले गोटे फिरून फिरून पडलेले रांजणखळगे. कुठला घागरीएवढा, कुठला माणूस उभा राहील एवढा खोल. आतल्या भिंती हात लावला तर काचेसारख्या गुळगुळीत. मी पंचवीस वर्षं पोरांना गती आणि घर्षण शिकवते. एक गोटा आणि थोडं पाणी, यांनी दगडात एवढी विहीर खोदायला किती पावसाळे घेतले असतील, याचा हिशेब मनात मांडायला गेले आणि सोडून दिला. दादा एका खळग्याच्या काठावर मांडी घालून बसला. पोस्टमास्तरांच्या ओटीवर बसायचा अगदी तसाच. वारा एवढा की बोलायचं तर ओरडावं लागत होतं, आणि तो मध्येच पडला की कानात आपल्याच रक्ताचा आवाज येत होता.

घोड्याच्या मानेसारखा खडक समोरच होता. मॅडम चपला काढून त्याच्यावर सहज चढल्या. आम्हाला त्यांनी हात दिला.

“हितं उभी होते मी. नऊ वर्षांची.”

मग त्यांनी सांगितलं ग्रह कसा झाला ते. चंदेरी अंग म्हणजे चंदेरी भुकटी खोबरेल तेलात कालवून लावलेली. कपडे म्हणजे खताची पोती उसवून, उलटी करून शिवलेली, आणि ती शिवली वाडीतल्याच बायकांनी. दुसरा सूर्य म्हणजे पत्र्याचा मोठा तुकडा. तो चार गडी समोरच्या टेकाडावर धरून उभे राहायचे आणि दिग्दर्शकानं लाल रुमाल हलवला की तिरका करायचे. विवरांतून येणारा धूर ओल्या गोवऱ्यांचा. एकदा त्यातल्या एका धुरातून कुणाचीतरी म्हैस बाहेर आली आणि सगळं परत करावं लागलं. मला हसू येत होतं. पोती, पत्रा आणि गोवऱ्या. एवढ्यावर या लोकांनी आमच्यासारख्या किती पोरांना पृथ्वीच्या बाहेर नेऊन आणलं होतं!

“आणि ती भाषा?” दादानं विचारलं. “ती कुणी बनवली?”

“भाषा कुठली हो. मराठीच बोलले मी. ते आवाजवाले साहेब म्हणले, बाळ, तुला वाटंल ते बोल, आमी टेप उलटी फिरवू. फिरवून मला ऐकवली बी. मी घाबरून पळाले होते.”

दादा, ज्यानं आयुष्यभर टेप रेकॉर्डर उघडले-जोडले, डोक्याला हात लावून बसला. “माझ्या लक्षात कसं नाही आलं! पण मग तुम्ही म्हणाला काय होता?”

मॅडम खाली बघत होत्या. खडकावरून पायथ्याचा रस्ता दिसतो, वाडीपासून वळणापर्यंत सगळा.

“ल्हान होते,” त्या म्हणाल्या. “आता कुठं आठवतंय.”

शिक्षकी पेशात खोटं बोलणारं माणूस ओळखायला येतं. मी दादाच्या दंडाला हात लावला, आणि त्यानं पुढे विचारलं नाही.

जेवण आणि रात्रीचा मुक्काम त्यांच्याकडेच झाला. घरात त्या आणि त्यांच्या आई, गयाबाई. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या, कंबरेत वाकलेल्या, तळहात लाकडासारखे. ज्वारीची भाकरी आणि येसर आमटी, म्हणजे भाजक्या धान्यांच्या आणि मसाल्याच्या पिठाची झणझणीत आमटी. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, तेव्हा गयाबाईंनी न विचारता वाटीत गूळ ठेवला.

“तुमच्याकडं ऊस हाय का?” त्यांनी विचारलं.

“नाही हो. भात, आंबे, नारळ.”

“मंग तोडायला कुठं जाता?”

“तोडायला नाही जात. पुरुषमाणसं मुंबईला जायची, कामाला.”

“पोरं घिऊन?”

“नाही. पोरं मागे राहायची.”

“हां,” गयाबाई म्हणाल्या, आणि आणखी एक भाकरी माझ्या ताटात वाढली.

शाळेची खोली

मॅडमनी तो भाग कधीच पाहिलेला नव्हता. तेव्हा वाडीत वीज नव्हती, आणि टीव्ही आला तोवर मालिका संपून कित्येक वर्षं झाली होती. दादानं लॅपटॉप आणलाच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम म्हणाल्या, “पोरांना दाखवायच्या आधी मला एकटीला दाखवा.” मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तुमी बसा. एकटीनं भ्या वाटंल.”

खिडक्यांना सतरंज्या लावून आम्ही खोली अंधारी केली. त्या बाकावर बसल्या, मुलं बसतात तशा, हात बाकावर ठेवून. काळा ग्रह आला. दोन सूर्य आले. पोत्यांतली माणसं आली तशी त्यांनी कुजबुजत नावं घ्यायला सुरुवात केली, कोण कुणाचा काका, कोण कोणाची सासू, कोण गेलं, कोण आहे. मग खडकावरची ती मुलगी आली. चंदेरी गालांवरून काळे अश्रू. लहानपणी आम्हाला वाटायचं, त्या ग्रहावरच्या माणसांचे अश्रू काळेच असतात. आता एवढ्या जवळून बघताना कळलं की रंग धुऊन खालची काळी-सावळी कातडी उघडी पडली होती. ती मुलगी रडत होती. खरोखरची.

ती आपलं वाक्य बोलली आणि दादानं चित्र थांबवलं.

बाहेर मुलं गाद्यांवर उड्या मारत होती.

“हे सुलटं करता येतं का?” मॅडमनी विचारलं.

“एका मिनिटात येईल,” दादा म्हणाला. “पण तुमची इच्छा असेल तरच.”

“करा.”

दादानं तेवढाच आवाज कापून घेतला, उलटा केला आणि बटण दाबलं. एक खरखर आली, आणि तिच्यातून एका लहान मुलीचा रडका, चिरका आवाज.

“मला सोडून जाऊ नको.”

चाळीस वर्षं मी हे म्हणत होते. एसटीच्या खिडकीला, फोनवर, हसत हसत. महाराष्ट्रातल्या किती अंगणांतून, किती पोरं हे ओरडत घरी गेली होती.

मॅडमनी सांगितलं ते असं. शूटिंग आठ दिवसांत संपणार होतं, ते लांबलं. इकडे ऊसतोडीची टोळी निघायचा दिवस आला. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, आणि एका कोयत्यासाठी टोळी थांबत नाही. आईबापांनी ठरवलं, पोरीला मावशीकडे ठेवायचं. तिला सांगायचं धाडस कुणाला झालं नाही. त्या सकाळी ती खडकावर रंग लावून उभी होती आणि खालच्या रस्त्यानं ट्रक निघाला. तिनं वरून ओळखलं, कारण आईच्या डोक्यावर पिवळा टॉवेल होता. नेमकं तेव्हाच त्या आवाजवाल्या साहेबांनी सांगितलं, बोल बाळ, वाटेल ते बोल.

“मी ओरडले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. म्हणले, काय काम केलं पोरीनं. मला बिस्किटाचा पुडा दिला.” त्यांनी पडद्यावरच्या त्या मुलीकडे बघितलं. “पण खरं सांगते, त्या वर्षी मावशीकडं राहून मी पहिल्यांदा आख्खं वर्ष शाळा केली. न्हाईतर दर साल दिवाळीनंतर आमची शाळा सुटायची. पुढच्या साली मीच म्हणले, मी येत न्हाई. म्हणून आज हितं हाय. पुढं अंबाजोगाईला डी.एड.ला होते, तवा होस्टेलच्या पोरी सुट्टीला जाताना हेच वाक्य म्हणायच्या. मी खोलीत जाऊन बसायचे. कुणाला सांगितलं न्हाई. आईला बी न्हाई.”

“त्यांना माहीत नाही?” मी विचारलं.

“न्हाई. तिला वाटतं, मी त्या रंगाच्या नादात खुश होते.” त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या, परत आल्या. “आईला बोलवू का? तुमाला काय वाटतं?”

मला काय वाटणार होतं? आम्ही ग्रह बघायला आलो होतो. एका म्हाताऱ्या बाईच्या दारात असलं काही आणून ठेवण्याचा आम्हाला काय अधिकार होता? दादानं लॅपटॉप मिटला आणि म्हणाला, “बाई, तुम्ही म्हणाल तर मी हे आत्ता पुसून टाकतो.”

मॅडमनी मान हलवली. “नको. तिचं बी हाय ते.”

गयाबाई काठी टेकत आल्या. त्यांना बाकावर बसता येईना, म्हणून गादीची घडी करून खाली बसवलं. पहिल्यांदा चित्र दाखवलं. त्या पडद्याच्या अगदी जवळ झाल्या.

“केस कुणी इंचरले न्हाईत पोरीचे,” त्या म्हणाल्या. “बहिणीला सांगून गेलते मी.”

मग आवाज ऐकवला. त्यांना नीट ऐकू आलं नाही, म्हणून दादानं परत लावला. तिसऱ्यांदा लावायची गरज पडली नाही. त्यांचा चेहरा हलला नाही, पण हातातली काठी हळूहळू सरकत जमिनीवर पडली.

“आशे, हे तू मला म्हणत होतीस?”

“हां, आई.”

“म्या पाठमोरी बसलते,” गयाबाई म्हणाल्या. “तू वर हायेस हे म्हाईत होतं मला. चांदीची दिसत होतीस, असं बाकीच्या बाया म्हणल्या. म्या वळून बघितलं न्हाई. बघितलं असतं तर उतरले असते.” त्यांनी मुलीकडे बघितलं. “तू रागावली हायेस का गं माझ्यावर?”

“होते लई दिवस,” मॅडम म्हणाल्या. “आता न्हाई.”

गयाबाईंनी मान डोलावली. मग बोटांना तोंडाची थुंकी लावून त्यांनी आपल्या पन्नाशीच्या मुलीच्या कपाळावरचे उडालेले केस नीट मागे बसवले. दादा उठून खिडकीकडे गेला आणि सतरंजी नीट लागली आहे की नाही ते बराच वेळ बघत उभा राहिला.

दुपारी सगळ्या मुलांना पूर्ण भाग दाखवला. त्यांना पत्र्याचा सूर्य लगेच ओळखू आला, आणि धुरातल्या म्हशीची गोष्ट ऐकून ती खोली दणाणून गेली. मॅडम पडद्यावर आल्या तेव्हा मात्र सगळी एकदम गप्प झाली. एका मुलीनं विचारलं, “मॅडम, तुमी कावून रडताय?” मॅडम म्हणाल्या, “खाली रस्त्यानं माझी आई चालली होती. दिसतंय ना तसंच, उद्या तुमची जाणार हाय. रडू आलं तर रडायचं. मग जेवायचं.”

शेवटची सकाळ

आम्हाला खरं तर आदल्या संध्याकाळीच निघायचं होतं, पण टोळी निघते ती बघून जा, असं मॅडम म्हणाल्या. पाशाभाईही थांबले, त्यांनीही कधी बघितलं नव्हतं.

सूर्य नुकता वर आला होता. शाळेसमोर दोन ट्रक. त्यांत पत्रे, बांबू, पिठाची पोती, चुली, कोंबड्यांचे खुराडे, आणि त्या सगळ्यावर माणसं. मॅडमचा नियम असा की आईबापांनी मुलांची नजर चुकवून जायचं नाही, समोर येऊन सांगून जायचं. तसं सगळ्यांनी सांगितलं होतं. मुलं रांगेत उभी होती, नवे स्वेटर घालून. कुणी रडत होतं, कुणी ट्रकचं चाक बघत होतं. ज्या बाया चढून बसल्या होत्या, त्यांनी पदर पुढे ओढून तोंडं समोर, चालकाच्या बाजूला फिरवली होती.

तेवढ्यात गयाबाई आल्या. काठी टेकत, वाकलेल्या, पण इतक्या भरभर की मॅडमनाही कळलं नाही. त्या पहिल्या ट्रकच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि वर बघून म्हणाल्या, “ए पोरींनो, हिकडं तोंड करून बसा.”

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या.

“म्या आयुष्यभर पाठमोरी गेले. काय बी सोपं होत न्हाई त्यानं. वळा. बघा लेकरांकडं. रडू आलं तर येऊ द्या.”

पहिल्यांदा एक वळली. मग दुसरी. त्यांच्यातली एक तरुण बाई, विशीतली असेल, एकदम उठली, पत्र्यांवरून उतरून खाली आली आणि रांगेतल्या सगळ्यात लहान मुलीला उचलून तिच्या मानेत तोंड खुपसून उभी राहिली. टोळीच्या मुकादमानं ट्रकच्या दारातून हाक दिली, चालकानं हॉर्न वाजवला. गयाबाईंनी काठी दाराच्या पत्र्यावर आपटली.

“थांब की! ऊस पळून चाललाय का कुठं?”

मुकादम हसला, आणि थांबला. ती बाई आपली वेळ घेऊन परत चढली. मग ट्रक हलले. शाळेपासून वळणापर्यंतचा तो रस्ता बराच लांब आहे, आणि धूळ उडत होती, तरी दिसत होतं. ट्रक वळेपर्यंत मागच्या बाजूला बसलेल्या सगळ्या बायकांची तोंडं आमच्याकडे होती.